नांवाची गांठ

श्रावण व भाद्रपद हे मराठी घरांतील दोऱ्यांचे महिने होत. श्रावणी पौर्णिमेला सुताचें पोवतें देवाला वाहून मग घरांतील माणसांनीं घालावयाचें, त्याच दिवशीं बहिणीनें भावाच्या मनगटावर राखी बांधावयाची. पुढें महालक्ष्म्यांच्या पूजेंत हळदीनें पिवळा केलेला सोळा गांठींचा दोरा घ्यावयाचा, आणि अनंतचतुर्दशीला चौदा गांठींचा. आमच्या बीड जिल्ह्यांत हे आचार अजून पुष्कळ घरीं पाळले जातात. गेल्या पंचवीसतीस वर्षांत मात्र या मालिकेंत आणखी एका दोऱ्याची भर पडली आहे. ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या रविवारीं शाळा-कॉलेजांतील मुलें एकमेकांच्या हातांत मैत्रीचा दोरा बांधतात. संयुक्त राष्ट्रसंघानें 2011 सालीं 30 जुलै हा दिवस मैत्रीसाठीं मुक्रर केला. तथापि आमच्या मुलांनीं आपला रविवार सोडलेला नाहीं. अशा क्षुल्लक वस्तूवर विचार करावयास बसणें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. परंतु क्षुल्लक वस्तूंनींच कधीं कधीं आमच्यासारख्या वयस्कांना अडचणींत टाकणारे प्रश्न विचारलेले आहेत, आणि त्यांपैकीं एकाचें उत्तर शोधण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों.

बाजारांत मिळणारी रबराची किंवा चकचकीत फितीची पट्टी हा आमचा विषय नव्हे. अंबाजोगाईस आमच्या घरीं सातवींत शिकणारी आमची नात आहे. तिनें गेल्या वर्षीं भरतकामाच्या दोऱ्याच्या लडी आणविल्या, त्यांची टोकें एकत्र बांधून तीं टांचणीनें उशीला अडकविलीं आणि आठवडाभर रोज संध्याकाळीं तिच्यापुढें मान मोडून बसली. आठवड्याच्या अखेरीस बोटभर रुंदीची एक पट्टी तयार झाली व तिच्यावर तिच्या मैत्रिणीचें दोन अक्षरी नांव गांठींनीं उमटलें. आम्हीं सहज विचारलें, "अग, तुझ्या हातानें केलेल्या दोऱ्यावर नांव तिचें कशाला? तुझें घाल, म्हणजे तिला तुझी आठवण राहील." ती म्हणाली, "आजोबा, तिला आठवण राहावी म्हणून नाही करत. मला राहावी म्हणून करते." हें उत्तर आम्हीं त्या वेळीं हसून सोडून दिलें. पुढें जें घडलें त्यामुळें तें पुनः पुनः मनांत येऊं लागलें. दुसऱ्याच्या मनगटावर आपण त्याच्या नांवाची गांठ बांधतों तेव्हां बांधला कोण जातो, बांधून घेणारा कीं बांधणारा, हा तो प्रश्न.

मराठी भाषेनें गांठ या एका शब्दावर केवढा संसार उभारला आहे तें पाहण्यासारखें आहे. दोन माणसें भेटलीं म्हणजे त्यांची गांठ पडते. विसरूं नये अशी गोष्ट असली म्हणजे मनाशीं खूणगांठ बांधावयाची. पैसा असतो तो गांठीशीं, आणि विवाह होतो तो लग्नगांठीनें. ओढतांच सुटते ती सुरगांठ व ओढावी तशी आवळत जाते ती निरगांठ, असे दोन भेद तर लहान मुलालाहि ठाऊक असतात. ज्याला आपण ग्रंथ म्हणतों त्याचेंहि मूळ गांठ घालणें याच अर्थाच्या धातूंत आहे. शब्द आणि सूत यांचें हें नातें आमच्या गांवाला अपरिचित नाहीं. अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं (1551–1615) पंचीकरणासारखा वेदान्तविषय सुमारें 40 फूट लांबीच्या एका पासोडीवर लिहून काढला. तेव्हां वस्त्रावर अक्षर उमटलेलें पाहून आम्हीं चकित व्हावें असें कांहीं नव्हतें. चकित करणारी गोष्ट निराळीच होती.

वर सांगितलेल्या जुन्या दोऱ्यांपैकीं कोणत्याहि दोऱ्यावर नांव नसतें. राखीवर भावाचें नांव नाहीं, अनंताच्या दोऱ्यावर यजमानाचें नाहीं, पोवत्यावर कोणाचेंच नाहीं. याचें कारण आमच्या मतें असें कीं, हे दोरे व्यक्तीला बांधलेले नसून नात्याला बांधलेले असतात. भाऊ रागीट असो वा प्रेमळ, तो भाऊ आहे एवढ्यानेंच तो राखीचा अधिकारी होतो. तें स्थान जन्मानें ठरलेलें असतें व त्या स्थानावर जो कोणी उभा असेल त्याच्या हातीं दोरा जातो. सख्खा भाऊ नसल्यास चुलत, मामे, मानलेला, असा कोणी तरी तेथें उभा करतां येतो. 1905 सालीं वंगभंगाच्या दिवशीं रवीन्द्रनाथांनीं व त्यांच्या देशबांधवांनीं कलकत्त्याच्या रस्त्यांत हिंदु-मुसलमान असा भेद न करितां राख्या बांधल्या, तें यामुळेंच शक्य झालें. अनोळखी माणसालाहि भावाच्या जागीं उभें करण्याची शक्ति त्या दोऱ्यांत होती. मित्राची गोष्ट अशी नाहीं. मित्राला जन्मानें मिळालेली जागा नसते. पंचांगांत त्याचा मुहूर्त नाहीं, श्राद्धाच्या संकल्पांत तो आलाच तर अखेरीस येतो, आणि एक गेल्यास त्याच्या जागीं दुसरा उभा करतां येत नाहीं. त्याच्यापाशीं आहे तें एवढेंच, त्याचें नांव. म्हणून मैत्रीच्या दोऱ्यावर नांव घालण्याची मुलांची आवड ही केवळ हौस आहे असें आम्हांस आतां वाटत नाहीं. त्यांनीं नकळत मैत्रीचें खरें लक्षण ओळखलें आहे.

हें नांव कसें उमटतें तेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण पुढील विचाराचा आधार त्यांतच आहे. दहा उभे दोरे एका रंगाचे घ्यावयाचे व दुसऱ्या रंगाचा एक लांब फिरता दोरा घ्यावयाचा. फिरता दोरा डावीकडून उजवीकडे व पुनः उजवीकडून डावीकडे जातो, आणि वाटेंत प्रत्येक उभ्या दोऱ्याभोंवतीं वळसा घेऊन गांठ मारतो. प्रत्येक गांठ दोनदां मारावयाची; एकदांच मारली तर ती कलते व जागेवर राहत नाहीं. अशा रीतीनें पट्टीची जमीन फिरत्या दोऱ्याच्या रंगाची होते. जेथें अक्षर हवें असेल तेथें मात्र क्रम उलटतो. आतांपर्यंत जो उभा दोरा मुकाट्यानें वळसे सोशीत होता, तोच आतां फिरत्या दोऱ्याभोंवतीं वळसा घेतो, आणि त्या एका बिंदूपुरता त्याचा रंग वर येतो. असे बिंदु मिळून अक्षर होतें. दहा दोरे व चाळीस ओळी म्हणजे चारशें गांठी, अर्थात् आठशें वळसे. रोमन अक्षरांचे नमुने तयार मिळतात. देवनागरीसाठीं नातीला चौकटींच्या वहींत स्वतः आंखणी करावी लागली, कारण आपल्या लिपीला माथ्यावरील वेलांटीसाठीं व पायाखालील उकारासाठीं जागा सोडावी लागते. सुदैवानें त्या नांवांत काना सोडून कांहीं नव्हतें. शिरोरेषा मात्र एका उभ्या दोऱ्यानें नांवाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत एकट्यानें वाहून नेली.

ज्या मैत्रिणीसाठीं हा खटाटोप झाला ती बालाघाटच्या डोंगरांतील एका वाडीची. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. आमच्या जिल्ह्यांत हा शब्द उच्चारल्यावर अधिक सांगावें लागत नाहीं, परंतु इतर वाचकांसाठीं सांगतों. 1950 नंतर प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखानदारी सुरू झाली, पुढें ती पश्चिम महाराष्ट्रभर पसरली, आणि तो ऊस तोडण्यासाठीं बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतील माणसें दर वर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून जाऊं लागलीं. तीं परततात तीं उन्हाळ्याच्या तोंडीं. जाण्यापूर्वीं मुकादम त्यांना आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. ती अंगमेहनतीनें फेडावयाची असते, व ती न फिटल्यास पुढील हंगामहि तिच्याच पायीं बांधला जातो. नवराबायकोच्या जोडीला या व्यवहारांत एक कोयता म्हणतात. किती माणसें आणलीं असें कोणी विचारीत नाहीं, किती कोयते आणले असें विचारतात. आणि एकटें माणूस असेल तर तो अर्धा कोयता होतो. मुलांना गांवीं ठेवण्यासाठीं हंगामी वसतिगृहें निघालेलीं आहेत व कांहीं मुलें तेथें राहतातहि. या मुलीला मात्र लहान भाऊ सांभाळण्यासाठीं आईबापांबरोबर जावें लागे.

जाण्याच्या आदल्या आठवड्यांत ती आमच्या घरीं आली होती. ऑगस्टांत बांधलेला दोरा तिच्या हातांत होता. आमच्या सौभाग्यवतींनीं तिला फराळाचें दिलें व कौतुकानें म्हटलें कीं, नांव किती सुरेख दिसतें आहे. त्यावर ती मुलगी अगदीं साधेपणानें बोलली, "तिकडं हे नाव कुनाला लागत नाही, आजी. तिकडं आमाला कोयताच म्हनत्यात." तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. एखाद्या परगांवची रीत सांगावी तसें तिनें तें सांगितलें, आणि ती लाडू खाऊं लागली. मग दोघी उशीपुढें बसल्या व नात तिला गांठ कशी मारावयाची तें दाखवूं लागली.

त्या दिवसापासून आमच्या डोळ्यांपुढें दोन नांवें आलीं. तिच्या बापाचें नांव मुकादमाच्या वहींत आहे, तिचें नांव मनगटावरील दोऱ्यांत. दोन्ही बंधनेंच, परंतु त्यांचा ओढा उलट दिशेला आहे. वहींतील नांव ज्याचें आहे त्यालाच तें बांधतें. लिहिणारा मोकळा राहतो, आणि त्याला त्या नांवाच्या माणसाशीं कर्तव्य नसतें. रक्कम वसूल झाली कीं नांवावर रेघ पडते. दोऱ्यांतील नांव ज्याचें आहे त्याच्याकडून कांहींच मागत नाहीं. तें बांधतें तिला, जिनें आठशें वेळां बोटें वळवून तें घडविलें. नातीच्या त्या उत्तराचा अर्थ आम्हांला येथें लागला. आठवण ठेवण्याचें ऋण तिनें मैत्रिणीच्या नांवावर मांडलें नव्हतें, स्वतःच्या नांवावर मांडलें होतें.

आपल्या पुराणांतील मैत्रीच्या दोन प्रसिद्ध कथा या कसोटीला लावून पाहाव्या. रंगभूमीवर कर्णाला कुळ विचारलें गेलें व त्याची मान खालीं गेली, तेव्हां दुर्योधनानें त्याला तत्काळ अंगदेशाचा राजा केला. मोबदल्यांत काय देऊं असें कर्णानें विचारतां दुर्योधनानें केवळ सख्य मागितलें. वरवर पाहतां याहून उदार वर्तन कोणतें? परंतु पुढें कृष्णानें जन्माचें रहस्य सांगितलें, तेव्हांहि कर्णाला तें राज्य व तें सख्य यांचें ओझें झुगारतां आलें नाहीं. अधर्म कोणत्या पक्षांत आहे हें त्याला कळत होतें व तरीहि त्याला तेथेंच उभें राहावें लागलें. अंगदेश ही उचल होती, आणि तिची वसुली कुरुक्षेत्रावर झाली. उलट सुदामा द्वारकेस गेला तेव्हां त्याच्यापाशीं होती फाटक्या फडक्यांत बांधलेली पोह्यांची पुरचुंडी. ती सोडण्याची त्याला लाज वाटत होती, आणि कृष्णानें ती गांठ स्वतः होऊन सोडली. सुदाम्यानें तोंडानें कांहीं मागितलें नाहीं. कृष्णानेंहि दिल्याचा उच्चार केला नाहीं. पहिल्या कथेंत उपकार घेणारा बांधला गेला, दुसरींत कोणी कोणाला बांधलें तें सांगतां येत नाहीं. कर्णाचें सख्य खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची निष्ठा थोरच होती. परंतु मित्राची निष्ठा ज्याला आपल्या कामासाठीं वापरावयाची आहे त्यानें मित्राचें नांव दोऱ्यांत घातलें काय आणि वहींत घातलें काय, फल एकच.

येथें कोणी म्हणेल कीं, खरी मैत्री अंतःकरणांत असते, तिला बाह्य चिन्हाची गरज काय? हा आक्षेप ऐकावयास भारदस्त आहे, परंतु मनुष्यस्वभावाचें ज्ञान त्यांत कमी आहे. मैत्रीवर आपल्या नीतिशास्त्राचे दोन संपूर्ण भाग खर्चणाऱ्या ॲरिस्टॉटलनें या बाबतींत फार व्यवहारी गोष्ट सांगितली आहे. मित्र दूर गेल्यानें मैत्री नष्ट होत नाहीं, तिचा व्यवहार मात्र थांबतो. आणि वियोग फार लांबला तर मैत्रीचाच विसर पडतो, असें त्याचें म्हणणें. अंतःकरण हें मोठें विसराळू स्थान आहे. पदराला गांठ मारून बाजारांत जाणाऱ्या आमच्या आज्यांना हें चांगलें ठाऊक होतें.

आणि आम्हांलाहि ठाऊक असावयास पाहिजे होतें. 1972 च्या दुष्काळांत आम्ही शाळेंत होतों. आमच्या बाकावर शेजारीं बसणारा एक सोबती त्या वर्षीं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला व पुनः शाळेंत आला नाहीं. त्याच्या दप्तराच्या पिशवीचा रंग आम्हांला आठवतो, तो कवड्यांचा डाव कसा जिंके तें आठवतें, एकदां त्यानें आपली अर्धी भाकरी आमच्या हातावर ठेवली होती ती आठवते. त्याचें नांव आम्हांला आठवत नाहीं. नातीचा दोरा पाहिल्यापासून आम्हीं तें आठवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. त्याच्याविषयीं आमच्या अंतःकरणांत प्रेम नव्हतें असें नाहीं. परंतु प्रेमानें नांव राखलें नाहीं. चिन्हाची गरज नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं आपापल्या बाकावरील सोबत्यांचीं नांवें एकदां मोजून पाहावींत.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे, आणि तो आम्हीच आमच्यावर घेतों. दोरा बांधल्यानें उचल फिटत नाहीं. कोपींत पहाटे उठून भाकरी थापणाऱ्या, दिवसभर भाऊ सांभाळणाऱ्या मुलीला रंगीत दोऱ्याचा काय उपयोग? सुखवस्तु घरांतील माणसें अशीं चिन्हें देऊन आपलें मन शांत करतात व साखरेचा चहा पुढें ओढतात, असें कोणी म्हटल्यास त्याला खोटें कसें म्हणावें? आम्हांला यावर एवढेंच सुचतें कीं, चिन्ह ज्यानें दिलें त्यानें पुढें काय केलें यावरून तें चिन्ह तपासावें. गांठ मारून जो स्वतःला मोकळा समजतो त्याची ती सुरगांठ. पहिल्या ओढीलाच ती सुटते. नातीनें त्या सहा महिन्यांत वर्गांतील प्रत्येक धडा दोनदां उतरवून घेतला, एकदां आपल्या वहींत व एकदां दुसऱ्या वहींत. हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. आम्ही मात्र या वयांत, एवढें वाचून व बोलून, त्या वाडींतील मुलांच्या शिक्षणासाठीं त्या वर्षापावेतों कांहींहि केलेलें नव्हतें. तिच्या दुसऱ्या वहीकडे पाहून आम्हांला तें प्रथम बोंचलें. दोऱ्याचा उपयोग न्यायाच्या जागीं होत नाहीं हें खरें; पण ज्याचें नांव आपल्याला ठाऊक नाहीं त्याच्यावरील अन्याय आपल्याला फार दिवस टोंचत नाहीं हेंहि खरें. कोयत्यांच्या संख्येवर निबंध लिहितां येतो. झोंप उडते ती एका नांवानें.

गुढीपाडवा झाल्यानंतर ती मुलगी परत आली. अंगानें वाळली होती, उंच झाली होती. नातीनें बांधलेला दोरा पौषांतच तुटला असें तिनें सांगितलें. उसाच्या पाचोळ्यांत तो कोठें पडला तें तिला कळलें नाहीं. हें सांगतांना ती थोडी ओशाळली. मग तिनें परकराच्या खिशांतून एक पट्टी काढली. खताच्या पोत्याचें तोंड शिवलेलें असतें तो पांढरा दोरा उसवून, साठवून, तिनें ती गुंफली होती. सगळे दोरे एकाच पांढऱ्या रंगाचे, त्यामुळें आम्हांला तिच्यावर कांहींच दिसेना. नातीनें ती खिडकीपाशीं नेली, बोटानें चांचपली आणि मोठ्यानें हंसली. जमिनीच्या गांठी एका दिशेनें पडल्या होत्या व अक्षरांच्या दुसऱ्या दिशेनें. उभ्या दोऱ्यानें जेथें जेथें उलट वळसा घेतला होता तेथें गांठ आडवी न पडतां उभी पडली होती. रंगाच्या मदतीवांचून त्या पट्टीवर आमच्या नातीचें नांव होतें, शिरोरेषेसकट. उकार तेवढा राहिला होता. त्याला जागा सोडावयाची असते हें शिकण्यापूर्वींच तिला गाडींत बसावें लागलें होतें.

ही परतफेड होती काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. उचल फिटली म्हणजे दोन्ही पक्ष मोकळे होतात. येथें दुसऱ्या दोऱ्यानें पहिला फिटला नाहीं, दोघी अधिक गुंतल्या. एकीला वर्षभर दुसरीचें नांव लक्षांत ठेवावयाचें होतें, आतां दोघींना ठेवावयाचें आहे. ज्या मुलीला कोणी नांवानें हांक मारीत नव्हतें, तिनें त्या मुलखांत बसून दुसऱ्याचें नांव लिहिलें, ही गोष्ट आम्ही सांत्वन म्हणून सांगत नाहीं. ती यंदाहि दिवाळीनंतर जाणार आहे. तिच्या आईबापांनीं नवी उचल घेतली आहे, व तिला वसतिगृहांत ठेवावें म्हणून आम्ही त्यांची मनधरणी करीत आहों. धाकट्या भावाला तेथें कोण सांभाळील या त्यांच्या प्रश्नाला आमच्यापाशीं अजून उत्तर नाहीं, आणि तें शोधण्याचें काम आतां आमच्याकडे आहे.

तूर्त श्रावण चालू आहे. आमच्या घरीं पोवत्याचें सूत निघालें आहे, आणि त्याच टोपलींत भरतकामाच्या रंगीत लडी येऊन पडल्या आहेत. दोघी मुली एकाच उशीला दोन बाजूंनीं टांचण्या लावून बसल्या आहेत. आमच्या नातीच्या मनगटावर ती पांढरी पट्टी अजून आहे. घरीं येणारे पाहुणे तिला कोरा दोरा समजतात, आणि नात त्यांना तो हातांत घेऊन चांचपून पाहावयास सांगते.